धन आणि धर्म : रोममध्ये व आपल्याकडे

रोम हे नाव घेतले की सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढे सेनापती, सिनेट, सीझरचा वध आणि सरळ रेषेत धावणारे दगडी रस्ते उभे राहतात. आम्ही शाळेत जो इतिहास शिकलो व पुढे अनेक वर्षे शिकविला, त्यातही याहून फारसे अधिक नव्हते. रोमन लोक स्वतः मात्र आपल्या राज्यवैभवाचे श्रेय केवळ शस्त्रांस देत नसत. संख्येत, बळात, कलाकौशल्यात इतर राष्ट्रे आपल्याला भारी असतील, पण देवकार्यातील दक्षतेत आपली बरोबरी कोणी करणार नाही, आणि म्हणूनच देवांनी आपणांस पृथ्वीचे राज्य दिले, असे सिसेरोने एका भाषणात सांगितले आहे.

ही दक्षता म्हणजे वेदान्तविचार नव्हे अथवा ध्यानधारणाही नव्हे. कोणत्या देवास कोणत्या दिवशी काय अर्पावयाचे, ते कोणी अर्पावयाचे, आणि त्याचा खर्च कोणी सोसावयाचा, या तीन प्रश्नांविषयीची ती दक्षता होती. यांपैकी तिसरा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवू इच्छितो. दिसावयास तो क्षुद्र दिसतो. देवाच्या दारी पैशाची गोष्ट काढणे सभ्यपणाचेही वाटत नाही. परंतु देवालये ओस पडली आणि कुलाचार लोपले, त्यांचा इतिहास पाहू जाता तेथे बहुधा श्रद्धा आधी आटली नसून हिशेब आधी चुकलेला आढळतो.

प्रथम घराकडे पाहू. रोमन कुटुंबातील कर्ता पुरुष हाच त्या घरचा पुरोहित असे. चुलीची देवता वेस्टा, कोठीचे रक्षक पेनाटीस आणि वास्तूचे रक्षक लारीस यांस घरच्या अन्नातील भाग पोहोचावयाचा. फेब्रुवारी महिन्यात पितरांसाठी नऊ दिवसांचा काळ राखून ठेविलेला असे. त्या दिवसांत देवालये बंद ठेवीत, विवाह करीत नसत आणि पूर्वजांच्या थडग्यांवर थोडे धान्य, चिमूटभर मीठ, मद्यात भिजविलेली भाकरी व फुले ठेवून येत. हे वाचून आपल्या पितृपंधरवड्याचे स्मरण होणार नाही असा वाचक विरळा.

कर्ता पुरुष निवर्तल्यावर हे कुलाचार कोणी चालवावयाचे? रोमच्या पोंटिफांनी, म्हणजे धर्माधिकाऱ्यांनी, याचे उत्तर फार व्यवहारी दिले होते. मृताचे धन ज्याच्याकडे जाईल, त्याच्याकडेच त्याचे कुलाचारही जातील. थोरला कोण, लाडका कोण, श्रद्धाळू कोण, हा प्रश्नच नाही. धनाच्या मागे धर्म चालेल, जशी गाईच्या मागे वासराची पावले. आपल्या धर्मशास्त्रकारांनीही रिक्थ आणि पिंड यांची गाठ अशीच मारून ठेविली आहे : जो वारसा घेईल त्याने पिंड द्यावा. दोन समाजांमध्ये हजारो कोसांचे अंतर असूनही एकच शहाणपण उपजावे, यात आम्हांस मोठे नवल वाटत नाही. माणसाचा स्वभाव दोन्हीकडे एकच होता आणि शास्त्रकारांनी तो ओळखला होता.

तो स्वभाव कोणता, हेही सिसेरोच सांगतो. त्याच्या काळचे काही कायदेपंडित स्वतःच पोंटिफ असत. धर्माधिकारी या नात्याने ते कुलाचारांची जबाबदारी धनाशी बांधीत. आणि कायदेपंडित या नात्याने तीच जबाबदारी चुकवून धन तेवढे कसे पदरात घ्यावे याची युक्ती पक्षकारास सांगत! लॅटिन भाषेत 'कुलाचारावाचून वारसा' असा वाक्प्रचारच होता. बिनकष्टाच्या, निर्भेळ लाभास उद्देशून तो योजीत. आपल्याकडे वाटण्या होताना शेत, वाडा, भांडी यांवर चार-चार बैठका होतात, आणि देवघरातील टाक कोणाकडे, नवरात्राचा घट कोणी बसवावयाचा, श्राद्धपक्ष कोणाच्या घरी, हा विषय निघताच बैठकीतील मंडळी पानदान शोधू लागतात. हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांस त्या लॅटिन वाक्प्रचाराचा अर्थ समजावून सांगण्याचे कारण नाही.

घरात कर्ता पुरुष, तसे राज्यात सरदार. रोममध्ये पौरोहित्य ही बहुतांशी एक सार्वजनिक अधिकाराची जागा होती. आजचा सेनापती व कालचा न्यायाधीश हाच परवा आचार्यपदावर बसे. इ. स. पू. ६३ मध्ये ज्यूलियस सीझर मुख्य पोंटिफ झाला तो मते मिळवून. त्या निवडणुकीपायी त्याने एवढे कर्ज करून ठेविले होते की, मतदानाच्या सकाळी घरातून निघताना त्याने आईस सांगितले, तुझा मुलगा आज परतेल तर मुख्य धर्माधिकारी होऊन, नाहीतर देशोधडीस लागेल. धर्मपदासाठी कर्ज काढणारा मनुष्य ते कर्ज पुढे कोठून फेडतो, हे वाचकांनी मनाशी ताडावे.

युद्ध अथवा सभा यांपूर्वी शकुन पाहण्याचा प्रघात होता. इ. स. पू. २४९ मध्ये क्लॉडियस नावाच्या सेनापतीने आरमारी लढाईच्या आधी शकुनाच्या कोंबड्यांपुढे दाणे टाकले, कोंबड्या खाईनात. 'खात नाहीत तर पिऊ द्या,' असे म्हणून त्याने त्या समुद्रात फेकून दिल्या आणि मग लढाईत सपाटून मार खाल्ला. ही गोष्ट रोमन आजोबा नातवंडांस सांगत असतील. आम्हांस त्यातून एवढेच दाखवावयाचे आहे की, जयापजयाचा हिशेब विचारताना रोमन लोक सेनापतीस त्याने देवकार्य नीट केले की नाही हेही विचारीत. धर्म ही तेथे राज्यकारभाराची एक शाखा होती.

शाखा झाली की वृक्षाचे रोग तिलाही लागतात. यादवीच्या काळात देवळांची दुरुस्ती कोणी केली नाही. ऑगस्टसने इ. स. पू. २८ या एका वर्षात रोम शहरातील ८२ देवालयांचा जीर्णोद्धार केल्याचे आपल्या कार्यवृत्तान्तात नमूद केले आहे. ही संख्या त्याच्या धर्मनिष्ठेइतकीच आधीच्या दोन पिढ्यांच्या दुर्लक्षाचीही साक्ष देते. पुढे इ. स. पू. १२ मध्ये तो स्वतःच मुख्य पोंटिफ झाला आणि ते पद सम्राटांकडेच राहिले.

आता एका सज्जन गृहस्थाची ओळख करून देतो. धाकटा प्लिनी हा इटलीच्या उत्तरेस सरोवराकाठच्या कोमुम नगरचा रहिवासी. तो नामांकित वकील होता, इ. स. १०० मध्ये कॉन्सल झाला, आणि शकुन पाहणाऱ्या औगुर मंडळाचा सदस्यही होता. त्याची पत्रे आज उपलब्ध आहेत. ती वाचताना एखाद्या जुन्या वळणाच्या, दानशूर पण हिशेबी इनामदाराशी आपण ओसरीवर बसून बोलत आहोत असा भास होतो.

त्याच्या शेतवाडीत सेरेस या धान्यदेवतेचे एक जुने, आखूड देऊळ होते. १३ सप्टेंबरला तेथे मोठी जत्रा भरे. लोक नवस बोलत, नवस फेडीत, देवघेव करीत. पण ऊन-पावसात उभे राहावयास आडोसा नव्हता. धर्मज्ञांच्या सल्ल्याने प्लिनीने देऊळ नव्याने बांधण्याचे योजिले, जीर्ण झालेल्या लाकडी मूर्तीऐवजी नवी मूर्ती करविण्याचे ठरविले, आणि जवळच खांबांची ओवरी बांधावयास सांगितली. देऊळ देवीसाठी आणि ओवरी माणसांसाठी, अशी त्याची वाटणी होती.

याच प्लिनीने आपल्या गावच्या मुलांच्या पोषणासाठी पाच लक्ष सेस्टर्स द्यावयाचे ठरविले, तेव्हा त्याने रोकड दिली नाही. नगरपालिकेस रोख रक्कम दिली तर ती उडून जाण्याची भीती, आणि जमीन दिली तर सर्वांची म्हणून ती कोणीच न कसण्याची भीती, असे तो एका मित्रास लिहितो. म्हणून त्याने पाच लक्षांहून पुष्कळ अधिक किमतीची आपली जमीन नगराच्या नावे करून दिली, आणि वर्षास ३०,००० सेस्टर्स खंड देण्याच्या कबुलीवर तीच परत कसावयास घेतली. मुद्दल जमिनीत सुरक्षित राहिले. व्याज शेकडा सहा निश्चित झाले. आणि जमिनीचे उत्पन्न खंडाहून अधिक असल्याने तिला कसणारा धनी नेहमीच मिळेल. त्या जमिनीवर कायमचा बोजा बसून तिचा बाजारभाव उतरला, हेही तो मोकळेपणाने कबूल करतो.

आम्हां शिक्षकांस त्याचे आणखी एक पत्र विशेष आवडते. गावात शिक्षक नेमावयाचा होता. प्लिनीने वेतनाचा एक-तृतीयांश देऊ केला आणि उरलेला भार पालकांवर ठेविला. सगळेच वेतन देण्याची त्याची तयारी होती. पण परक्याच्या पैशावर नेमलेल्या शिक्षकाच्या निवडीत वशिला शिरतो, आणि स्वतःचे चार पैसे गुंतलेला बाप मात्र निवड डोळ्यांत तेल घालून करतो, असा त्याचा अनुभव होता. हा मजकूर अठराशेहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. नाहीतर तो कालच्या टपालाने आला असे वाटावयाचे.

प्लिनीच्याच काळात आपल्या भूमीवर काय चालले होते? तेव्हा आपला प्रदेश रोमला अगदीच अपरिचित नव्हता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका अज्ञात ग्रीक लेखकाच्या 'पेरिप्लस' नामक समुद्रप्रवासवर्णनात दक्षिणापथातील दोन मोठ्या बाजारपेठांचे वर्णन आहे : एक गोदाकाठचे पैठण, आणि दुसरे तेथून दहा दिवसांच्या वाटेवरील तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर. तगराचे कापड गाड्यांवर घालून भडोचच्या बंदरास नेत. नकाशावर पैठण आणि तेर यांमध्ये सरळ रेघ ओढली तर ती आमच्या बीड शहराच्या जवळून जाते. १९३८ मध्ये पाँपेई येथील उत्खननात एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. हे नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. त्या मूर्तीशी साम्य असलेल्या मूर्ती तेर व भोकरदन येथे मिळाल्या आहेत. ज्या व्यापाराच्या वाटा आमच्या शिवारांतून जात, त्यांचे दुसरे टोक प्लिनीच्या देशात होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

नाशिकजवळच्या त्रिरश्मी पर्वतावरील लेण्यांत उषवदाताचे शिलालेख आहेत. संस्कृतात त्याचे नाव ऋषभदत्त. हा शक कुळातील, क्षत्रप नहपानाचा जावई. जन्माने परकीय, पण त्याच्या दानांची यादी वाचली म्हणजे धर्म आणि लोकजीवन यांची सांगड म्हणजे काय ते कळते. त्याने ब्राह्मणांस गाई व गावे दिली, भिक्षूंस लेणे दिले. भडोच, दशपूर, गोवर्धन व शूर्पारक येथे चौसोपी धर्मशाळा बांधल्या. विहिरी, तळी व बागा केल्या. तापी, दमण, डहाणू इत्यादी नद्यांवर नावा ठेवून उतारूंस फुकट पार करण्याची सोय केली, आणि नद्यांच्या दोन्ही काठांवर सभा व प्रपा बसविल्या. प्रपा म्हणजे पाणपोई. देवालयाच्या शिखराइतकीच तहानलेल्या वाटसरूची ओंजळही त्याच्या पुण्याच्या हिशेबात होती.

आता त्याच्या लेखातील हिशेब पाहा. वर्ष ४२, म्हणजे शककाल धरल्यास इ. स. १२०. त्याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांची 'अक्षयनीवी' ठेविली. संस्कृतात नीवी म्हणजे कमरेच्या वस्त्राची गाठ, आणि नीवी म्हणजे मुद्दलही. जी गाठ कधी सोडावयाची नाही ती अक्षयनीवी. ही रक्कम संघाच्या पेटीत न ठेवता गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेविली : २,००० दरमहा शेकडा एक दराने, आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागावयाचे नाही, व्याज तेवढे उपभोगावयाचे. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज २४० होते. आणि लेखात सांगितले आहे की, वर्षावासास राहणाऱ्या वीस भिक्षूंपैकी प्रत्येकास चीवरासाठी बारा द्यावे. बारा विसे दोनशे चाळीस! एक कवडी इकडेतिकडे नाही. हा सर्व व्यवहार निगमसभेत वाचून दाखविला आणि रिवाजाप्रमाणे फळ्यावर नोंदविला, हेही लेखात आहे.

प्लिनीने जमिनीवर विश्वास ठेविला, ऋषभदत्ताने कारागिरांच्या श्रेणीवर. पण सूत्र एकच होते : ज्याच्या हाती मुद्दल, त्याच्या माथी कर्तव्य. आणि हे सूत्र राजेरजवाड्यांपुरते नव्हते. नाशिकलाच आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षाचा एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक कुळातील उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी कुंभारांच्या, जलयंत्रे करणाऱ्यांच्या व तेल्यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेविल्या. चाकावरचा कुंभार आणि घाण्यावरचा तेली हे एका स्त्रीच्या धर्मदायाचे विश्वस्त होते.

राज्य पालटले की अशा दानांचे काय होते, याचेही उत्तर त्याच डोंगरावर आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे नहपानाच्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला होता. नाण्यांवरचे नाव त्याने पुसले. भिक्षूंच्या योगक्षेमाचा भार मात्र त्याने खाली ठेविला नाही. आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी त्याने पूर्वी ऋषभदत्ताच्या ताब्यात असलेले २०० निवर्तने शेत त्रिरश्मीच्या तपस्व्यांस दिले. आणि चोविसाव्या वर्षी आणखी एक आज्ञा निघाली, ती राजाच्या व जीवसुता राजमातेच्या नावाने. तिचा आशय असा की, पूर्वी दिलेल्या गावचे शेत कसले जात नाही, गाव ओस पडले आहे. तरी त्याऐवजी नगराच्या सीमेवरील आमच्या स्वतःच्या शेतातून १०० निवर्तने द्यावे.

आमच्या मते सबंध लेण्यांत याहून थोर लेख नाही. दान देऊन शिळेवर नाव कोरणारे पुष्कळ. दिलेले दान पुढे फळते आहे की पडीक पडले आहे, याची चौकशी करून आपल्या ताटातले काढून देणारे थोडे.

इकडे रोममध्ये शेवट कसा झाला? चौथ्या शतकात सम्राट ख्रिस्ती झाले. इ. स. ३८२ मध्ये ग्रेशियन सम्राटाने वेस्टाच्या कुमारिकांचे व जुन्या धर्ममंडळांचे उत्पन्न काढून घेतले आणि सिनेटगृहातील विजयदेवीची वेदी हलविली. इ. स. ३८४ मध्ये सिम्माकस या कुलीनाने ती परत मिळावी म्हणून विनंतीपत्र लिहिले. त्यात सहिष्णुतेची भाषा उदात्त आहे. पण जप्त झालेल्या उत्पन्नाविषयीचा भागही कमी कळकळीचा नाही. जुनी पूजा राज्याच्या खर्चाने झाली नाही तर ती राष्ट्राची पूजाच नव्हे, असे त्या पक्षाचे मानणे होते. विनंती फेटाळली गेली, आणि थोड्याच वर्षांत थिओडोशियसच्या आज्ञांनी जुने यज्ञयाग बंद झाले. ज्या धर्माने आपली सर्व मुळे राजवाड्याच्या अंगणात रुजविली होती, तो अंगणाचा धनी बदलताच वाळला. आपल्याकडे शक गेले, सातवाहन गेले, यादव गेले. तरी पूजा उरली, कारण मुळे कोष्ट्याच्या मागाखाली, तेल्याच्या घाण्याखाली आणि कुणब्याच्या शेतातही गेली होती.

हे सांगून आपली पाठ थोपटून घेण्याचा आमचा हेतू नाही. अंबाजोगाईस सेनापती खोलेश्वराची कन्या लक्ष्मी हिने रणात पडलेल्या आपल्या भावाच्या, रामाच्या, स्मरणार्थ इ. स. १२४० मध्ये मंदिर उभारले. यादव गेले तरी तिचा शिलालेख राहिला. पुढच्या राजवटींतही, हैदराबाद संस्थानात, आमच्या भागातील देवळांस व दर्ग्यांस दिवाबत्तीसाठी इनाम जमिनी होत्या. आमच्या माहितीच्या एका गावी नंदादीपासाठी दिलेली जमीन सातबाऱ्यावर देवाच्या नावाने आहे. पीक निघते, ते कोठे जाते ते ज्याचे त्यास ठाऊक. आणि दिवा पुजाऱ्याच्या म्हाताऱ्या आईच्या पदरच्या तेलावर जळतो. हाच तो 'कुलाचारावाचून वारसा'! गावात अखंड हरिनाम सप्ताह थाटाने होतो, घरोघरच्या भाकरी येतात, वर्गणी गोळा होते, मांडव पडतो. भक्ती आटली असे कोण म्हणेल? पण सप्ताह उठल्यावर शिल्लक किती आणि ती कोणाकडे, हे विचारणारा मनुष्य अश्रद्ध ठरतो.

कायदा नाही असेही नाही. १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आहे, धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आहे, हिशेब तपासण्याची रीत आहे. परंतु कार्यालयात गेलेला कागद आणि निगमसभेत वाचलेला लेख यांत अंतर आहे. पहिला अधिकाऱ्यास कळतो, दुसरा गावास. काल्याच्या कीर्तनानंतर, प्रसाद वाटण्यापूर्वी, देवाच्या जमिनीचा गट नंबर, तिचा खंड, वर्षाचा जमाखर्च आणि शिल्लक मोठ्याने वाचून दाखवावी व देवळाच्या भिंतीवर फळ्यावर लिहून ठेवावी, एवढीच आमची सूचना आहे. यास नवा पैसा लागत नाही. खडू आणि थोडे धैर्य लागते.

आणि हीच रीत घरातही पाळावी. ज्या एकत्र कुटुंबांत आज ना उद्या वाटणीची वेळ येणार आहे, आणि ती कोठे येत नाही, त्यांनी वाटणीपत्राच्या अखेरीस नव्हे तर आरंभी कुलधर्माचे कलम घालावे. कोणते शेत, कोणती ठेव, कोणत्या भाड्याचे उत्पन्न यावर देवघर, श्राद्धपक्ष, आल्यागेल्या माहेरवाशिणीची चोळी आणि विधवा आत्याचे औषधपाणी चालेल, ते नावानिशी लिहावे. रक्कम लहान असो. पण तिची गाठ कोणी सोडावयाची नाही. देवावर प्रेम कोणाचे अधिक यावर भाऊ भांडू लागले तर निवाडा होत नाही. देवाचे मुद्दल कोणाकडे, एवढे लिहून ठेविले म्हणजे निवाडा आपोआप होतो, आणि प्रेमासही जागा राहते.